फोटोत माणूस हवा, भिंतीवरची सावली नको

घरी मंगल परिणय असो, बाळाचे नामकरण असो, गृहप्रवेश असो किंवा १४ एप्रिलला सारे कुटुंब पांढरे कपडे घालून एकत्र आलेले असो, फोटो काढल्याशिवाय कार्यक्रम पूर्ण होत नाही. लग्नाला फोटोग्राफर बोलावला जातो. बाकीच्या प्रसंगी मात्र घरातलाच कोणीतरी मुलगा, पुतण्या, भाची कॅमेरा हातात घेते. खोली दहा बाय बाराची. सगळ्यांना भिंतीला लावून उभे केले जाते. बटण दाबले की लखकन उजेड पडतो आणि फोटो निघतो. नंतर फोटो पाहावा तर आजीच्या डोक्यामागे भिंतीवर आणखी एक काळे डोके! कानाला, खांद्याला काळी किनार. चष्म्याच्या काड्यांची सावली गालावर. हाराची सावली सदऱ्यावर.

एखाद-दुसरा फोटो असा निघाला तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी पुष्कळ घरांत पणजोबा-पणजीचा एकही फोटो नाही. आजोबांचा असलाच तर गिरणीच्या पासावरचा किंवा निवडणूक ओळखपत्रावरचा, तोही पुसट झालेला. आज घरातल्या वडीलधाऱ्यांचा जो फोटो आपण काढू, तोच उद्या मोठा करून तसबिरीत जाणार आहे. नातवंडे त्यांना त्याच फोटोतून ओळखणार आहेत. म्हणून तो फोटो नीट यावा हे महत्त्वाचे आहे. त्यासाठी महागडे सामान घ्यावे लागत नाही. सावली का पडते हे समजून घेतले, तर माणसाची जागा आणि दिव्याची जागा थोडी बदलूनही बरेच काम होते.

सावली पडते कशी?

दिवे गेल्यावर कंदिलासमोर हात धरून भिंतीवर ससा आणि हरीण करण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी खेळला आहे. हात भिंतीजवळ नेला की सावली काळीकुट्ट आणि कडा धारदार. हात भिंतीपासून दूर, कंदिलाकडे नेला की कडा पुसट होतात. तेवढ्यात दिवे आले की ससाही गेला आणि हरीणही गेले! सावली तेव्हाही असते, पण ट्यूबलाइटचा उजेड तिच्यात भरल्यामुळे ती डोळ्यांना जाणवत नाही.

आता आकाश ढगांनी भरलेले असेल तेव्हा अंगणात उभे राहून पाहा. आपली सावली जवळजवळ दिसत नाही. कारण त्या वेळी सगळे आकाशच एक मोठा दिवा झालेला असतो आणि उजेड सर्व बाजूंनी येतो.

या दोन अनुभवांत फ्लॅशच्या सावलीचे सारे शास्त्र आले. दिवा जितका लहान तितकी सावली कडक. दिवा जितका मोठा, पसरट, तितकी सावली मऊ. भिंत जितकी जवळ तितकी कड धारदार. आणि दुसरा उजेड असेल तर सावली फिकी पडते. कॅमेऱ्यातला फ्लॅश हा जेमतेम एक-दीड इंचाचा दिवा आहे. तो समोरून येतो, आणि एकटाच येतो. मग सावली काळी पडणार यात नवल नाही.

फ्लॅश त्या जागी का बसवला?

काळोख्या खोलीत फोटो काढता यावा म्हणून १८८७ मध्ये जर्मनीत अडॉल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर तयार केली. ती पेटवली की क्षणभर डोळे दिपवणारा उजेड पडे आणि मागोमाग धुराचा लोट उठे. न्यूयॉर्कमधील वार्ताहर जेकब रीस यांनी या पावडरीचा उपयोग गरिबांच्या चाळी दाखवण्यासाठी केला. एकेका अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने झोपलेली मजूर माणसे लोकांनी त्या फोटोंतून पाहिली. १८९० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि शहरातल्या गरिबांच्या घरांचा प्रश्न चर्चेला आला. त्या फोटोंत माणसे दचकलेली दिसतात आणि मागे भिंतीवर काळ्या सावल्या पडलेल्या दिसतात. त्या पावडरीने आपल्या हातून घराला आग लागल्याचेही रीस यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

१९२९ च्या सुमारास काचेचा फ्लॅशबल्ब आला. त्यामुळे आगीचे भय बरेच कमी झाले, पण प्रत्येक फोटोला नवा बल्ब लागे. पुढे अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांच्या कामातून पुन्हा पुन्हा पेटणारा विजेचा फ्लॅश पुढे आला. १९७५ मध्ये जपानच्या कोनिका कंपनीने कॅमेऱ्याच्या पोटातच विजेचा फ्लॅश बसवलेला कॅमेरा बाजारात आणला आणि तेव्हापासून सामान्य माणसाला रात्रीही फोटो काढणे सोपे झाले.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्लॅश लेन्सच्या शेजारी बसवला तो खिशात मावावा, वेगळा दिवा बाळगावा लागू नये म्हणून. उजेडाच्या दृष्टीने ती जागा चांगली नाही. समोरून येणाऱ्या उजेडात चेहरा सपाट दिसतो आणि सावली मागच्या भिंतीवर जाते. ही जागा आपण बदलू शकत नाही. बाकीच्या गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

पहिला उपाय : भिंत सोडा

फोटो म्हटले की आपण भिंतीला पाठ लावतो. ही सवय आधी मोडावी. समजा फ्लॅश लेन्सच्या तीन इंच वर आहे आणि आजी कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर आहेत. भिंत त्यांच्या मागे एक फुटावर असेल, तर भिंतीवर पडणाऱ्या सावलीची कड जेमतेम पाव इंच पुसट होते, म्हणजे रेघ मारल्यासारखी दिसते. शिवाय भिंतीला फ्लॅशचा भरपूर उजेड मिळतो, त्यामुळे उजळ भिंतीवर काळी सावली अधिकच उठून दिसते.

आता आजींना भिंतीपासून सहा फूट पुढे आणा. कड दीड इंचापर्यंत पुसट होते. सावली तीन इंच खाली सरकते आणि बरीचशी शरीराच्या मागे लपते. आणखी एक फायदा होतो. उजेडाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. अंतर तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. आजी सहा फुटांवर आणि भिंत बारा फुटांवर, म्हणजे भिंतीला आजींच्या चेहऱ्याच्या पावपट फ्लॅश मिळाला. अशा वेळी खोलीतला साधा दिवासुद्धा ती सावली धुवून काढू शकतो.

सहा फूट जागा नसेल तर तीन-चार फूट तरी सोडावीत. बारा फूट लांबीच्या खोलीत हे जमते. फोटो खोलीच्या रुंदीत न काढता लांबीत काढावा आणि काढणाऱ्याने दारात उभे राहावे. चाळीत असाल तर दाराबाहेर गॅलरीत दोन पावले मागे जावे आणि थोडे झूम करावे. कॅमेरा जितका मागे जाईल तितकी सावलीची किनार बारीक होते.

मागे जाण्याला मर्यादा मात्र आहे. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशची ताकद फार नसते. ती ‘गाइड नंबर’ या आकड्याने मोजतात. गाइड नंबरला एफ-नंबरने भागले की फ्लॅश किती मीटर पोहोचेल ते कळते. समजा आयएसओ १०० ला गाइड नंबर १२ आहे आणि लेन्स एफ ४ वर आहे, तर पल्ला तीन मीटर, म्हणजे दहा फूट. आयएसओ ४०० केला की तोच पल्ला दुप्पट होतो. सभेत शेवटच्या रांगेतून व्यासपीठाकडे फ्लॅश मारण्यात काही अर्थ नाही, तो याच कारणाने. त्यात फक्त पुढच्या माणसांची डोकी उजळतात.

दुसरा उपाय : फ्लॅश लेन्सच्या वर ठेवा

उभा फोटो काढायचा म्हणून आपण कॅमेरा उभा धरतो. मोठ्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर असतो. कॅमेरा उभा केला की फ्लॅश बाजूला जातो आणि सावलीही चेहऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहते. कॅमेरा आडवाच धरला तर सावली खाली, पाठीमागे पडते. फोटो उभाच हवा असेल तर आडवा काढून नंतर दोन्ही बाजू कापून घ्याव्यात.

छोट्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा फ्लॅश लेन्सच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला असतो. तिथे उलट करावे लागते. एकट्यादुकट्याचा फोटो असेल तर कॅमेरा उभा धरावा आणि फ्लॅश वर येईल असाच धरावा. फ्लॅश लेन्सच्या खाली गेला तर सावल्या वरच्या बाजूला चढतात आणि चेहरा भेसूर दिसतो. थोडक्यात, कॅमेरा कसाही धरा, फ्लॅश वर असला पाहिजे.

फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल काळा डाग येत असेल, तर तो लेन्सच्या पुढे बसवलेल्या हुडची किंवा लांब लेन्सची सावली समजावी. हुड काढून टाकावा. कोपऱ्यात धूसर डाग असेल तर बहुधा बोट किंवा कॅमेऱ्याचा पट्टा फ्लॅशच्या पुढे आलेला असतो.

तिसरा उपाय : खोलीतले दिवे लावा

फ्लॅश आहे म्हणून दिव्याची गरज नाही, असे समजू नये. फोटो काढण्यापूर्वी खोलीतले सगळे दिवे लावावेत. दार-खिडक्या उघडाव्यात. भिंतीजवळ ट्यूबलाइट असेल तर ती अवश्य लावावी. भिंतीवर जितका दुसरा उजेड पडेल तितकी फ्लॅशची सावली फिकी होईल.

कॅमेऱ्याला हा उजेड टिपता यावा म्हणून आयएसओ ४०० किंवा ८०० ठेवावा. ‘स्लो फ्लॅश’ किंवा ‘नाइट पोर्ट्रेट’ अशी सोय असेल तर ती वापरावी. यात फ्लॅश उडाल्यावरही पडदा थोडा वेळ उघडा राहतो आणि खोलीचा उजेड आत येतो. तेवढा वेळ कॅमेरा टेबलावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवून ठेवावा आणि फोटोतल्या माणसांनाही ‘मी सांगेपर्यंत हलू नका’ असे बजावावे. पांढऱ्या एलईडी दिव्याचा रंग फ्लॅशच्या रंगाशी बराच जुळतो. पिवळ्या बल्बचा जुळत नाही. चेहरा पांढरा आणि भिंत पिवळी येते.

दिवे लावण्याचा दुसरा लाभ डोळ्यांना होतो. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, समोरचा फ्लॅश सरळ आत जातो आणि आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परत येतो. म्हणून फोटोत डोळे लाल दिसतात. खोली उजळ असेल तर बाहुली लहान राहते. काही कॅमेरे डोळे लाल येऊ नयेत म्हणून आधी एक-दोन बारीक फ्लॅश मारतात. त्यालाच फोटो समजून लोक उठून जातात! हे आधीच सांगून ठेवावे.

चौथा उपाय : उजेड पसरवा

फ्लॅशवर बटर पेपरचा किंवा टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवण्याची युक्ती पुष्कळांना माहीत आहे. त्याने उजेड कमी होतो, थोडा इकडेतिकडे पसरतो, पण दिव्याचा आकार तेवढाच राहिल्यामुळे सावलीत फार फरक पडत नाही. तोच कागद जरा मोठा, वहीच्या पानाएवढा घेऊन फ्लॅशपासून तीन-चार इंच पुढे धरला तर उजेडाचा स्रोत मोठा होतो आणि कडा मऊ होतात. कागद लेन्ससमोर येणार नाही एवढे पाहावे.

वर उघडणारा फ्लॅश असेल तर आणखी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पांढऱ्या कार्डाचा तुकडा, जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजूही चालेल, फ्लॅशपुढे तिरपा धरावा म्हणजे उजेड छताकडे जाईल. पांढऱ्या छतावर आपटून तो खाली पसरतो. छतच मोठा दिवा बनते, ढगाळ आकाशासारखे. सावली जवळपास नाहीशी होते. मात्र यात बराच उजेड वाया जातो. आयएसओ ८०० ते १६०० करावा लागतो आणि छत उंच असून चालत नाही.

छत पत्र्याचे असेल तर ही युक्ती सोडून द्यावी. भिंतीच्या रंगाकडेही लक्ष हवे. आपल्याकडे निळी, हिरवी, गुलाबी भिंत आवडीने रंगवतात. अशा भिंतीवर आपटलेला उजेड तोच रंग घेऊन येतो आणि चेहरे निळे-हिरवे दिसू लागतात. तिथे बाजूला दोरीवर पांढरी चादर टाकावी. तिच्यावरून येणारा उजेड स्वच्छ असतो.

घरातल्या सगळ्यांचा फोटो

ग्रुप फोटोत सावलीची भानगड वेगळी असते. पुढच्या माणसाची सावली मागच्याच्या चेहऱ्यावर पडते. म्हणून मागची रांग बाकावर किंवा पायरीवर उभी करावी आणि प्रत्येकाने पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून पाहावे.

अंतराचा नियम इथेही लागू होतो. पुढची रांग पाच फुटांवर आणि मागची आठ फुटांवर असेल, तर पुढच्यांना मागच्यांच्या अडीचपट उजेड मिळतो. मांडीवरचे बाळ पांढरेफटक आणि मागचे काका काळोखात! तेच आपण पाच फूट मागे सरकलो, तर रांगा दहा आणि तेरा फुटांवर येतात आणि फरक दीड-पावणेदोन पटींवर येतो. रांगा एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. लांब रांग असेल तर दोन्ही टोकांची माणसे थोडी पुढे घेऊन अर्धचंद्रासारखी करावी, म्हणजे सर्वांचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर सारखे राहते.

तसबिरीची काच आणि चष्मा

आपल्या घरातल्या पुष्कळ फोटोंत मागे भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. नेमका तिच्याच काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा उमटतो आणि चेहरा दिसत नाही. कॅरमची सोंगटी जशी कडेवर आपटून परतते तसाच उजेड काचेवरून परततो. सरळ गेला तर सरळच लेन्समध्ये येतो. म्हणून तसबिरीच्या अगदी समोर उभे न राहता एक-दोन पावले बाजूला सरकून फोटो काढावा. तसबीर भिंतीवर असेल तर वरच्या कडेमागे कागदाची जाड घडी सरकवावी, म्हणजे ती थोडी खाली झुकते आणि झळाळी जमिनीकडे जाते. चष्मा लावणाऱ्यांनी हनुवटी किंचित खाली घ्यावी किंवा चेहरा थोडा वळवावा.

जिथे फ्लॅश मुळीच वापरू नये अशाही जागा आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे. सहलीला गेल्यावर तो आठवणीने बंद करावा.

सावळा चेहरा म्हणजे सावली नव्हे

पांढरी साडी, पांढरा सदरा आणि सावळा चेहरा असा फोटो फ्लॅशवर काढला की चेहरा काळवंडतो, असा अनुभव येतो. यात त्या माणसाच्या रंगाचा काही दोष नाही. फ्लॅशचा उजेड किती सोडायचा हे कॅमेरा समोरून परत आलेल्या उजेडावरून ठरवतो. पांढऱ्या कपड्यांवरून भरपूर उजेड परत येतो, कॅमेऱ्याला वाटते पुरे झाले, आणि चेहऱ्याला उजेड कमी पडतो. यावर उपाय म्हणजे फ्लॅशचा जोर थोडा वाढवणे. ज्या कॅमेऱ्यात अधिक-उणे अशी खूण असते, तिथे एक पायरी अधिककडे न्यावी. किंवा फोटो चेहऱ्यापासून छातीपर्यंतच घ्यावा, म्हणजे पांढरा भाग कमी येतो. घामाने, तेलाने चेहरा चमकत असेल तर आधी रुमालाने टिपून घ्यावा. फ्लॅशमध्ये ती चमक पांढऱ्या डागासारखी येते.

हा प्रश्न केवळ आपल्याच घरातला नाही. अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत फोटोंचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे आणि त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा चांगली आली की यंत्र बरोबर, असा हिशेब होता. सावळ्या, काळ्या चेहऱ्यांचा बारकावा त्यात हरवत असे. १९९० च्या दशकात वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड आले. म्हणजे इतकी वर्षे मोजमापच एका रंगाचे होते.

आज मोबाइलमध्ये चेहरा आपोआप उजळ करणारी सोय असते. ती बंद ठेवावी. आजीच्या कपाळावरच्या रेषा, आजोबांचा उन्हात राबून रापलेला रंग ही त्यांची ओळख आहे. सावली काढायची आहे ती भिंतीवरची, चेहऱ्याचा रंग काढायचा नाही.

भर उन्हातही फ्लॅश

दुपारी बारा वाजता विहाराच्या अंगणात फोटो काढला तर डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळोख साचतो. टोपी किंवा पदर असेल तर अर्धा चेहरा अंधारात जातो. अशा वेळी फ्लॅश मुद्दाम चालू करावा. इथे तो सावली पाडत नाही, उन्हाने पाडलेली सावली भरून काढतो. कॅमेऱ्यापासून सहा-आठ फुटांच्या आतच त्याचा उपयोग होतो. त्यापेक्षा सोपे म्हणजे झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत सर्वांना उभे करावे. तिथे उजेड मऊ असतो आणि डोळेही बारीक होत नाहीत.

मोबाइलचा फ्लॅश

आता बहुतेक फोटो मोबाइलवरच निघतात. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे बारीक एलईडी दिवा. त्याचा जोर चार-सहा फुटांपलीकडे फारसा टिकत नाही. तो लेन्सला अगदी चिकटून असल्यामुळे सावली बारीक पण कडक पडते.

घरात दोन मोबाइल असतील तर एक चांगली युक्ती आहे. फोटो काढणाऱ्या मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. दुसऱ्या मोबाइलची बॅटरी लावून तिच्यापुढे तीन-चार इंचांवर पांढरा रुमाल किंवा कागद ताणून धरावा आणि हा दिवा माणसाच्या एका बाजूने, डोक्यापेक्षा थोड्या उंचीवरून दाखवावा. माणूस भिंतीपासून चार फूट पुढे असेल तर सावली बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर जाते. चेहऱ्याला गोलाई येते. ‘नाइट मोड’ वापरत असाल तर एक-दोन सेकंद हलू नये. वृद्ध माणसाला पाठीला आधार देऊन खुर्चीवर बसवावे.

अर्जाचा फोटो

पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्यावर किंवा मागे सावली चालत नाही. नोकरीच्या, परीक्षेच्या अर्जांनाही स्वच्छ पार्श्वभूमी मागतात. असा फोटो घरी काढायचा तर फ्लॅश बंदच ठेवावा. सकाळी खिडकीसमोर किंवा दारासमोर तोंड करून उभे राहावे, ऊन अंगावर येऊ देऊ नये. मागे तीन-चार फुटांवर सुरकुत्या नसलेली पांढरी चादर बांधावी. एक गाल काळा दिसत असेल तर त्या बाजूला पांढरे कार्डशीट धरावे. कोणत्या आकाराचा फोटो हवा हे अर्जावर वाचून मगच प्रिंट काढावी.

लक्षात ठेवण्यासारखे

१) भिंतीपासून निदान तीन-चार फूट पुढे या.
२) फ्लॅश नेहमी लेन्सच्या वर ठेवा.
३) खोलीतले सगळे दिवे लावा, दार-खिडकी उघडा.
४) दिवसा शक्य असेल तर फ्लॅशऐवजी खिडकीचा उजेड घ्या.
५) काचेच्या आणि चष्म्याच्या समोर सरळ उभे राहू नका.
६) पांढऱ्या कपड्यांत चेहरा काळवंडला तर फ्लॅशचा जोर एक पायरी वाढवा.

हे सारे कार्यक्रमाच्या दिवशी गर्दीत सुचत नाही. आदल्या संध्याकाळी घरातल्या एका मुलाला त्या जागी उभे करून दोन-तीन फोटो काढून पाहावेत. सावली कुठे पडते, कोणता दिवा उपयोगी पडतो, काढणाऱ्याने कुठे उभे राहायचे, हे ठरवून ठेवावे. पाहुण्यांनी घर भरण्यापूर्वीच घरातल्या थोरांचा एकेकट्याचा फोटो आठवणीने काढून घ्यावा. चांगला आलेला फोटो मोबाइलमध्येच पडू देऊ नये. मोबाइल हरवतो, बिघडतो. त्याची प्रिंट काढावी आणि मागच्या बाजूला पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी.